शेवंतीच्या शंका

३ ऑगस्ट २०२०

आजपासून रोजनिशी लिहायचं ठरवलं आहे. शाळा बंद, स्टाफरूम बंद, त्यामुळे मनातलं बोलायला माणूस उरलेला नाही. घरात माझी बायको शेवंती आहे, पण तिला शाळेच्या गोष्टींत काय रस असणार?

आज दहावीचा पहिला ऑनलाइन तास घेतला. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून समरूप त्रिकोणांची व्याख्या सांगितली, आकृती काढली, उदाहरण सोडवलं. शेवटी आमच्या संगणकाच्या हेमांगी मॅडम डोंबिवलीहून म्हणाल्या, "सर, आवाज छान येत होता. पण आम्हाला सगळा वेळ तुमचा पंखाच दिसत होता." कोणीतरी फिदीफिदी हसलं. कोण ते कळलं नाही, सगळे चौकोन काळेच होते.

आणि चौकोनही किती कमी! निम्मा वर्गसुद्धा नव्हता. आमच्या मोहन्यात ज्याच्या घरी एकच फोन आहे तो फोन बापाबरोबर सकाळी कामावर जातो. रचना आली नाही याचं सगळ्यात वाईट वाटलं. नववीत याच मुलीने मला विचारलं होतं, "सर, ही सिद्धता दुसऱ्या वाटेने केली तर चालेल?" तीस वर्षांत असं विचारणारी ती दुसरी की तिसरी.

१२ ऑगस्ट

मारुती आला होता. मोहन्याचा केबलवाला. माझाच विद्यार्थी, भूमितीत दोनदा नापास झालेला. दारातच उभा राहून मास्कमधून म्हणाला, "सर, पोरांच्या घरान फोन नसल, टीव्ही तर हाय ना? माझं लोकल चॅनल दुपारचं मोकलंच परलंय. लग्नाचे हॉल बंद, जाहिराती बंद. तुमी शिकवा, मी दाखवतो."

मी म्हणालो, मला टीव्हीवर बोलता येणार नाही.

"तुमी फक्त फल्यासमोर उभं रवा. बाकी माझ्यावर सोरा."

त्याचं ऑफिस ज्या गल्लीत आहे ती पालिकेने पत्रे लावून बंद केली आहे. म्हणून कॅमेरा आमच्याच हॉलमध्ये लावायचा, असं ठरलं. शाळेचा जुना फळा टेम्पोतून आणणार. शेवंतीला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, "सोफा कुठे ठेवायचा?"

३ सप्टेंबर

गणपती झाल्यावर आज सुरुवात केली. चार वाजता, थेट प्रक्षेपण. इस्त्रीचा शर्ट घातला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला आणि मी त्याच्याकडे बघत बोलू लागलो. वर्गात शिकवताना मी पोरांचे चेहरे वाचतो. तिसऱ्या बाकावरच्याच्या कपाळाला आठी पडली की मी पायरी पुन्हा सांगतो. कॅमेऱ्याला कपाळच नाही. पुस्तकातलं पान जसंच्या तसं म्हटल्यासारखा तास झाला.

शेवंती स्वयंपाकघराच्या दारात बसून शेंगा सोलत होती. तिला म्हटलं, कसं झालं? म्हणाली, "आवाज खणखणीत होता हो."

९ सप्टेंबर

आज जे घडलं ते लिहिताना कान गरम होत आहेत.

समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळाचं प्रमेय चाललं होतं. बाजूंचं गुणोत्तर एकास दोन असेल तर क्षेत्रफळांचं एकास चार, हे फळ्यावर लिहून मी पुढे निघालो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, चार कसे? बाजू दुप्पट झाली तर सगळंच दुप्पट व्हायला हवं ना?"

थेट प्रक्षेपण! मारुतीने कॅमेऱ्यामागून कपाळावर हात मारला. मी खूण केली, गप्प बस. तर ही बाई शेंगांचं ताट खाली ठेवून पदराला हात पुसत हॉलमध्ये आली. "नाही, मला खरंच कळलं नाही."

आता काय करणार? सगळं मोहने बघतंय असं समजून मी खडू घेतला आणि जमिनीवर बसलो. एका लादीच्या कडेने रेघ मारली. "ही बाजू एक. आत किती लाद्या?"

"एक."

"आता बाजू दोन लाद्यांची कर." तिने स्वतः खडू घेऊन चौकोन काढला. आत मोजलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अय्या, चार की! म्हणजे लांबीपण वाढते आणि रुंदीपण. मी एकाच बाजूने वाढवत होते."

"त्रिकोणाचंही तसंच," मी म्हणालो आणि चौकोनाला तिरकी रेघ मारून दाखवली.

मारुती कॅमेरा खांद्यावर घेऊन आमच्यामागे जमिनीवर आला होता. तास संपल्यावर मी त्याला म्हटलं, एवढा भाग कापून टाक. म्हणाला, "सर, लाइव्ह हाय. गेला तो."

तीस वर्षांची अब्रू गेली.

१० सप्टेंबर

मारुतीला सकाळपासून फोन येत होते म्हणे. मी विचारलं, काय म्हणतात लोक? चेष्टा करतात का? तो म्हणाला, "सगले एकच विचारतात, काकू आज हाय का?"

ही टवाळी आहे हे मला कळतं. तरी शेवंतीला म्हटलं, आज बस हवं तर. तिने शेंगा ठेवल्या नाहीत, साडी मात्र बदलली.

२५ सप्टेंबर

हेमांगी मॅडम आमचे तास इंटरनेटवर चढवतात. आज कळलं, त्यांनी त्याला नाव दिलंय 'सर आणि काकूंचा तास'. मी फोन करून म्हणालो, मॅडम, हे नाव विषयाला शोभत नाही. 'भूमिती, इयत्ता दहावी' लिहा. त्या शांतपणे म्हणाल्या, "तसं पण लिहिलंय सर, खाली." या नव्या लोकांना माझ्याबद्दल फारसा आदर नाही, हे मी पहिल्या दिवसापासून ओळखून आहे.

शेवंती रोज काहीतरी विचारते. एकेका प्रश्नाला मीच चकित होतो. काल पायथागोरसच्या प्रमेयात तिने विचारलं, "चौरसच का काढायचे बाजूंवर? अर्धवर्तुळं काढली तर?" आठवीपर्यंत शिकलेली बाई. पुढची शाळा तिच्या गावात नव्हती. तिला हे सुचतं कुठून? मी मनापासून म्हणतो, माझ्या शिकवण्याचा परिणाम असावा.

एक त्रास मात्र आहे. दुपारी माझा डोळा लागला की ही गॅलरीत जाऊन फोनवर बोलत बसते. चिपळूणच्या बहिणीशी, असं म्हणते. बहिणीने काही घरगुती धंदा काढला असावा, कारण परवा फोनमधून चिकटपट्टी ओढल्याचा चर्र चर्र आवाज येत होता.

१९ ऑक्टोबर

रचनाच्या घरी जाऊन आलो. टेकडीखालच्या चाळीत राहतात. तिचे वडील रामा हे एका केटररकडे स्वयंपाकाला होते. मार्चपासून लग्नं नाहीत, म्हणून कामही नाही. ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते. मला बघून उठले, चहा ठेवला.

"रचना कुठे आहे?"

"शीळफाट्याला, सर. तिच्या मावशीकडे. तिथे गोडाऊनमध्ये मावशी पॅकिंगला जाते, तिलापण घेतलीय." मग खाली बघत म्हणाले, "मला पाठवायची नव्हती. बाबासाहेबांच्या फोटोखाली रोज अभ्यासाला बसणारी पोर. पण घरात चूल तर पेटायला पाहिजे."

मी एवढंच म्हणालो की दहावी बुडू देऊ नका. ते म्हणाले, "तुमच्या केबलचा तास मी बघतो, सर. काकू विचारतात ते मलापण कळतं." शीळफाट्यापर्यंत मारुतीची केबल जात नाही. इतकी हुशार मुलगी खोक्यांना चिकटपट्ट्या लावते आहे.

शेवंतीला सांगितलं. ती भाजी ढवळत राहिली. मग म्हणाली, "ती सोडणार नाही अभ्यास." मी म्हटलं, तुला काय माहीत? तिने गॅस बारीक केला आणि आत निघून गेली.

२० नोव्हेंबर

दिवाळी झाली. वर्तुळ संपलं. शेवंतीने स्पर्शिकेवर इतके प्रश्न विचारले की एक प्रकरण दीड महिना चाललं. शाळा उघडणार, नाही उघडणार, रोज नवीन बातमी.

१६ डिसेंबर

आज फार वाईट बातमी. शाळा समितीचे सचिव अण्णांनी बोलावलं होतं. माणूस वाईट नाही, कागदाला घाबरणारा आहे. म्हणाले, बोर्डाच्या परीक्षेचे अर्ज भरायचे आहेत, आणि जी मुलं ऑनलाइन वर्गात कधीच दिसली नाहीत त्यांना आम्ही विद्यार्थी म्हणून कसं दाखवायचं? त्यांचे अर्ज थांबवायचे, असा समितीचा विचार आहे.

मी म्हणालो, "अण्णा, ती केबलवर शिकतायत."

"कशावरून? टीव्हीवर हजेरी कशी घेणार, सर? तुम्ही बोलताय आणि समोर कोणी बघतंय की टीव्ही चालू ठेवून झोपलंय, तुम्हाला तरी ठाऊक आहे का?"

मी उठून घरी आलो. तीन महिने मी एका लाल दिव्याशी बोलतो आहे. पलीकडे कोण आहे ते मलाच ठाऊक नाही.

जेवलो नाही. शेवंती म्हणाली, "मग हजेरी घ्या ना."

"कशी घेऊ?"

"ते मला काय ठाऊक? भूमिती तुमची."

१८ डिसेंबर

सुचलं! सकाळी गॅलरीत दात घासताना सुचलं. खाली टाकीच्या मैदानात एक माणूस सायकल धरून उभा होता. त्याची सावली, सायकलची सावली आणि पाण्याच्या उंच टाकीची सावली, तिन्ही एकाच बाजूला पडलेल्या. सूर्य एकच, कोन एकच. त्रिकोण समरूप!

प्रत्येक मुलाने ठरल्या वेळी आपापल्या दारात काहीही सरळ उभं करायचं. काठी, केरसुणी, बाटली, नाहीतर धाकटा भाऊ. त्याची उंची मोजायची, सावली मोजायची, उंचीला सावलीने भागून उत्तर मला, शेजाऱ्याच्या का होईना, फोनवरून सांगायचं. टेप नसली तर वितीने मोजा, गुणोत्तर बदलत नाही. प्रत्येकाची वस्तू वेगळी, मोजमाप वेगळं, म्हणून नक्कल करता येणार नाही. पण उत्तर सगळ्यांचं सारखं यायला हवं. आणि त्या उत्तरावरून आम्ही टाकीची उंची काढायची, कोणीही टाकीवर न चढता.

अण्णांना फोन केला. म्हणाले, "ठीक आहे, मी स्वतः येतो. पण पोरं नाही आली तर विषय संपला, सर."

५ जानेवारी २०२१

शनिवारच्या प्रयोगाची सूचना आज टीव्हीवर दिली. वेळ दुपारी पाऊणची. तेव्हा सूर्य दिवसातला सगळ्यात उंच असतो, सावलीची लांबी लवकर बदलत नाही. पडद्यावर माझा नंबर मोठ्या अक्षरांत दाखवला.

सगळं सांगून झाल्यावर शेवंती म्हणाली, "एक शंका. काठी बारीक असते. टाकी जाडजूड. खाली खांब आत आहेत, वरचा हंडा बाहेर आलाय. सावली मोजायची कुठून? खांबापासून, मधून की कडेपासून?"

याचा मी विचारच केला नव्हता. फळ्यावर आकृती काढली, पुसली, पुन्हा काढली. सावलीचं टोक हंड्याच्या वरच्या कडेचं असतं, म्हणून त्या कडेच्या बरोबर खालून मोजायचं. खांबापासून मोजलं असतं तर सगळं चुकलं असतं. अण्णांच्या देखत!

"तुला हे कसं सुचलं?" मी कॅमेऱ्यासमोरच विचारलं.

"सुचलं," ती म्हणाली आणि उगाच पदर सारखा करू लागली.

९ जानेवारी

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर आनंदात काहीतरी सुटेल.

बारापासूनच आम्ही टाकीच्या मैदानात. मारुतीने खांबावरून केबल ओढून कॅमेरा तिथेच लावला होता. फळा स्टुलावर. दहावीचा सम्यक मोठी टेप घेऊन हंड्याच्या कडेखाली उभा, हेमांगी मॅडम डोंबिवलीहून रिक्षाने आलेल्या, अण्णा रुमाल डोक्यावर टाकून सावलीत. शेवंती माझा पाण्याचा तांब्या घेऊन. ऊन स्वच्छ होतं.

पाऊण वाजला. मी म्हणालो, "मोजा!"

सम्यकने टाकीची सावली मोजली. मी माझी काठी मोजली. गुणोत्तर आलं सव्वाच्या जरासं आत. फळ्यावर लिहिलं आणि खिशातला फोन हातात घेऊन उभा राहिलो.

फोन वाजला नाही.

मी आवाज मोठा आहे ना ते तपासलं. अण्णांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, संपलं. चार महिने मी भिंतीला शिकवत होतो. मी कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि फळ्यावरचं गुणोत्तर पुन्हा एकदा गिरवलं.

तेवढ्यात शेवंतीच्या पिशवीत फोन वाजला. मी वैतागून म्हणालो, "बहिणीला सांग, नंतर."

तिने फोन उचलला. "हां, ऋतिका, बोल बाळा. केरसुणी? बरं. आणि सावली?" मग माझ्याकडे वळून, "लिहा. ऋतिका. सव्वाच्या आत, तुमच्याएवढंच."

ठेवते न ठेवते तोच पुन्हा वाजला. मग पुन्हा. एकाने अगरबत्ती मोजली होती, एकीने दुधाची पिशवी उभी राहीना म्हणून लाटणं. एक फोन अण्णांनी तिच्या हातातून घेतला आणि दरडावून विचारलं, "काय मोजलंस रे?"

स्पीकर चालू होता. "आज्जीला मोजलं, सर."

"आज्जीला? कशाने?"

"वितीने. ती हलत होती, म्हणून दोनदा मोजलं."

सगळं मैदान हसलं. अण्णाही. मग त्यांनी स्वतः भागाकार केला. उत्तर तेच! पुढचे फोन त्यांनी तिला परत दिलेच नाहीत, स्वतःच घेत सुटले, आणि प्रत्येकाला "शाब्बास" म्हणू लागले.

मी शेवंतीला बाजूला घेतलं. "माझा अख्खा वर्ग तुझ्या फोनमध्ये काय करतोय?"

"मला शंका सांगतात. तुम्ही झोपलात की. मी दुसऱ्या दिवशी तुम्हाला विचारते."

"मला का नाही विचारत?"

"घाबरतात."

"मला? मी आजवर कोणावर हात उगारला नाही."

"हात नाही हो," ती म्हणाली, "भुवई."

याचा अर्थ मला अजून नीटसा लागलेला नाही.

शेवटचा फोन आला तेव्हा मागून ओळखीचा आवाज येत होता, चर्र चर्र. शेवंतीने फोन माझ्या कानाला लावला.

"सर, मी रचना. आम्ही खोक्यांची चळत उभी केली, माझ्या उंचीची. सुपरवायझरने सगळ्यांची जेवणाची सुट्टी पुढे ढकलली, म्हणाले सगळेच बघू. सर, सव्वाच्या आत आलं. शीळफाट्याला पण तेवढंच येतं!"

मी म्हणालो, "सूर्य इतका लांब आहे बाळा, त्याला मोहने काय आणि शीळफाटा काय."

"आणि सर, सावली कडेखालून मोजली ना? खांबापासून नाही ना?"

म्हणजे ती शंका हिची होती; शेवंतीने तिला प्रयोग आधीच फोनवर सांगितला असणार. सगळं गोडाऊन मागे टाळ्या वाजवत होतं, आणि मला ऐकू येईनासं झालं.

मग फळ्यावर गुणाकार केला. बावीस मीटर आणि वर वीतभर. सम्यक ओरडला, "पण खरी किती आहे ते कोणाला माहितेय?" टाकीची देखरेख करणारा पालिकेचा माणूस म्हणाला, मागच्या खांबावर लिहिलेलं असणार. मारुतीने त्या खांबाला फुटलेल्या पिंपळाच्या फांद्या बाजूला केल्या. रंग उडालेल्या अक्षरांत होतं: उंची २२ मीटर.

आसपासच्या चाळींच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. सगळे घरात टीव्हीवर बघत होते, ते बाहेर आले आणि थाळ्या नाहीत, नुसत्या टाळ्या वाजवल्या. मारुती रडत होता. मला म्हणाला, "सर, मला आज समरूपता कलली."

११ जानेवारी

अण्णांनी सगळ्यांचे अर्ज भरायला सांगितले. एकही नाव वगळायचं नाही. समितीत कोणीतरी विचारलं म्हणे, याला पुरावा काय? अण्णा म्हणाले, "मी आज्जी मोजलीय."

१६ जानेवारी

रामा घरी आले होते. लग्नं पुन्हा सुरू झाली आहेत, केटररने त्यांना परत बोलावलं. उद्या शीळफाट्याला जाऊन पोरीला घेऊन येतो म्हणाले. पितळी डब्यात मसालेभात आणला होता. शेवंतीने डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून त्यात शेंगा भरल्या. जाताना रामा दारात थांबून तिला म्हणाले, "ताई, तुम्ही पण यंदा दहावीला बसा की."

"नको हो," ती म्हणाली. "परीक्षेत तेच प्रश्न विचारतात आणि आपण उत्तरं द्यायची. मला उलटं आवडतं."

२७ जानेवारी

शाळा उघडली.

फाटकात ताप मोजत होते. सगळी पोरं मास्कमध्ये, दहा महिन्यांत उंच झालेली. आवाजावरून ओळखायची तर आवाजही फुटलेले. रचना पहिल्या बाकावर होती. पट भरला, एकही जागा रिकामी नाही. हजेरी घेताना मी मुद्दाम सावकाश नावं वाचली.

आम्ही शेवंतीलाही बोलावलं होतं, हेमांगी मॅडमचा आग्रह. मी वर्गात शिरलो तेव्हा पोरं उठली, नेहमीसारखी, रिवाज म्हणून. माझ्यामागून ती आली तेव्हा सगळा वर्ग "काकू!" म्हणून ओरडला. शेजारच्या वर्गातले मास्तर बघायला आले. मला किंचित राग आला, पण फार टिकला नाही.

त्रिकोणमिती सुरू केली. पहिलं उदाहरण झालं. मी विचारलं, "शंका?" कोणी बोलेना. सवयीने सगळ्यांनी मागच्या बाकावर बसलेल्या शेवंतीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत बसली.

मी थांबलो. तीस वर्षांत मी "शंका?" विचारून इतका वेळ कधीच थांबलो नव्हतो.

मग रचनाने हात वर केला. "सर, मला आहे." उभी राहून तिने विचारलं, आणि प्रश्न असा होता की मला खुर्ची ओढून बसावं लागलं. ती बसायच्या आत सम्यकचा हात. मग ऋतिकाचा. मग मागच्या बाकांवरून, जिथून मला आजवर फक्त जांभया दिसल्या होत्या. घंटा झाली तरी हात खाली येईनात. मारुती आज कॅमेरा घेऊन आला नव्हता याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं.

येताना मी शेवंतीला म्हटलं, "रचनाला दिलेलं उत्तर बरोबर होतं ना?"

"उत्तर बरोबर होतं," ती म्हणाली. "पण तिला पटलं नव्हतं. आणि मलाही."

रस्त्यात उभं राहून मी तिला पुन्हा समजावलं. तिने मान हलवली नाही. उद्या वर्गात पहिल्यापासून सांगावं लागणार.